डिशचा टीव्ही पॉइंट दुसऱ्या भिंतीवर हलवताना : काम कसं बघायचं, कसं करायचं, भाव कसा सांगायचा

या आठवड्याच्या व्हिडिओत केबल सोलणं आणि कनेक्टर बसवणं दाखवलं आहे. ते हातानेच शिकायचं काम, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. इथे त्याच्या आधीचं आणि नंतरचं बघू, कारण आपल्या लोकांचे पैसे जातात ते तिथेच.

गिऱ्हाइकाचा फोन येतो, "दादा, टीव्ही समोरच्या भिंतीवर घ्यायचाय, फक्त वायर वाढवून द्या." हे "फक्त" ऐकून फोनवरच भाव सांगू नका. घरी जा. गेल्यावर पिशवी उघडायच्या आधी रिमोट मागा, सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नल स्ट्रेंथ आणि क्वालिटी बघा आणि मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. क्वालिटी आधीच कमी असेल तर ताईंना किंवा काकांना तेव्हाच दाखवा. काम झाल्यावर "तुम्ही हात लावला आणि बिघडलं" असं कोणी म्हणालं, तर तुमच्या बाजूने बोलायला तो एक फोटोच असतो.

आता मूळ प्रश्न. जोड देऊन वायर वाढवायची, की डिशपासून नवी एकसंध ओढायची?

बरेच जण म्हणतात, वायर लांबली की सिग्नल जातो. थोडा हिशोब करू. चांगल्या आरजी-६ वायरमध्ये १ गिगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल घट होते, २ गिगाहर्ट्झच्या आसपास ती ३० च्या जवळ जाते. डिशकडून बॉक्सकडे येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे १० मीटर वायर वाढली तर २ ते ३ डेसिबल गेले. सिग्नल मुळात बरा असेल तर बॉक्सला याने फरक पडत नाही. घात करतो तो जोड.

का? कारण या वायरमधून नुसता सिग्नल खाली येत नाही, वीजही वर जाते. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो. १३ ला उभ्या ध्रुवीकरणाची चॅनेल, १८ ला आडव्या. जोडात पाणी गेलं, तांबं काळं पडलं की तिथे व्होल्टेज पडायला लागतं. १८ पाठवलेत आणि वर पुरेसे पोचले नाहीत, तर एलएनबी बदलत नाही आणि ठरावीक चॅनेल गायब होतात. बाकीची झकास चालतात! "अर्धी चॅनेल दिसत नाहीत" अशी तक्रार आली की डिश हलवत बसू नका, आधी जोड उघडून बघा.

म्हणून माझा नियम सरळ आहे. घराच्या आत, कोरड्या जागी, एक जोड चालेल, तोही एफ कनेक्टर आणि जॉइनर लावून. तारा पिळून वर इन्सुलेशन टेप, हे कधीही नाही. बाहेर, गच्चीवर किंवा ग्रिलजवळ जोड द्यायची वेळ येत असेल तर नवी वायर ओढा. गिऱ्हाइकाला खर्च जास्त वाटेल, पण जुलैत तुम्हाला फुकट फेरी पडणार नाही. पेट्रोल आणि अर्धा दिवस गेला की त्या कामातली कमाई संपली.

फ्लॅटमध्ये बिल्डरने आधीच दिलेला टीव्ही पॉइंट असेल तर गिऱ्हाईक म्हणतं, तोच वापरा. वापरा, पण तपासून. तो बहुधा केबल टीव्हीसाठी दिलेला असतो. काही सॉकेटच्या आत डीसी अडवणारा भाग असतो, मग एलएनबीला वीजच मिळत नाही आणि स्क्रीनवर "नो सिग्नल". दोन्ही टोकं मोकळी करून मल्टिमीटरने मधल्या तारेची कंटिन्युइटी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मी तर सॉकेट काढून प्लेटच्या भोकातून वायर थेट बॉक्सपर्यंत आणतो. दिसायला थोडं साधं, पण दोन जोड वाचतात.

"एकाच वायरवर स्प्लिटर टाकून बेडरूमलाही द्या ना" अशी मागणी हमखास येते. नाही म्हणा, पण कारण सांगून म्हणा. एका टीव्हीला १३ हवेत, दुसऱ्याला १८, एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकणार. दोन बॉक्सना दोन आउटपुटचा एलएनबी आणि दोन वेगळ्या वायरी.

प्रत्यक्ष काम करताना बॉक्सचा प्लग आधी काढा, रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तर शॉर्ट होतं. भोक पाडताना ड्रिल बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही, आणि भोकाच्या आधी वायरला खाली झोळ द्या. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, आतून लाइनची पाइप जात असते. बीम-कॉलमला हात नाही. लाइटच्या पट्टीत टीव्हीची वायर कोंबू नका, वेगळी पट्टी मारा. कोपऱ्यात वायर काटकोनात मोडायची नाही, मूठभर गोलाई द्या. आणि उंच मजल्यावर ग्रिलबाहेर लटकून काम करायला सांगितलं तर दोर-पट्टा नसताना सरळ परत या. एवढ्या पैशात जीव बसत नाही.

भाव सांगताना वायर डोळ्याने मोजू नका, टेप लावा. समोरासमोर ९ मीटर दिसतं, पण वायर दारावरून, कोपऱ्यातून फिरते आणि १३-१४ मीटर लागते. वरची वायर तुमच्या खिशातून. कागदावर वेगवेगळं लिहा : वायर मीटरप्रमाणे, कनेक्टर नगाप्रमाणे, पट्टी, भोकं, मजुरी. टीव्हीचा भिंतीवरचा ब्रॅकेट आणि नवा लाइट पॉइंट ही वेगळी कामं आहेत, "जाता जाता करून द्या" मध्ये ती विरघळू देऊ नका. भाड्याचं घर असेल तर भोक पाडण्याआधी मालकाचा होकार फोनवर घ्यायला लावा.

खाली एक ओळ हमीची : आपल्या जोडाची आणि वायरची हमी आपली, वाऱ्याने डिश हलली तर फेरीचा खर्च वेगळा. मग पुन्हा त्याच मेनूत जा, दोन्ही ध्रुवीकरणांचं एकेक चॅनेल लावून दाखवा, नवा फोटो काढा आणि दोन्ही फोटो बिलासोबत गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर टाका. पैसे त्यानंतर घ्या.