ऐकू येते, तरी उमगत नाही

बौद्ध परंपरेत प्रज्ञेची तीन रूपे सांगितली आहेत : श्रुतमयी, चिंतनमयी आणि भावनामयी. पहिली पायरी श्रवणाची. परंतु कानी पडलेला शब्दच मुलाच्या मनापर्यंत धूसर होऊन पोहोचत असेल तर?

काही मुलांची नेहमीची श्रवणचाचणी निर्दोष येते. मात्र कानांनी टिपलेल्या ध्वनींचा मेंदूत उलगडा होताना अडचण येते. हीच श्रवण-प्रक्रियेतील अडचण. अशी मुले शांत खोलीत बोलणे समजून घेतात, पण गलबल्यात गोंधळतात. ‘काठ’ आणि ‘गाठ’, ‘पान’ आणि ‘बाण’ यांत त्यांची गल्लत होते. एकापाठोपाठ दिलेल्या तीन सूचनांपैकी एखादीच हाती लागते. श्रुतलेखन चुकते. मग ‘लक्ष देत नाही’, ‘मंद आहे’ असा शिक्का बसतो आणि मूल हळूहळू प्रश्न विचारणेच सोडून देते. या अडचणीचा बुद्धिमत्तेच्या उणिवेशी संबंध जोडणे चूक आहे.

येथे एक विवेक आवश्यक आहे. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’च लिहिते, तेव्हा तो दोष नसून त्याच्या घरच्या बोलीचा ठसा असतो. बोलीला आजार ठरवू नये. तसेच खऱ्या अडचणीला आळस समजू नये.

पालकांनी प्रथम कानातील मळ, वारंवारच्या सर्दीमुळे पडद्यामागे साचणारा द्रव यांची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर श्रवणतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. या अडचणीच्या विशेष चाचण्या साधारणतः सात वर्षांच्या वयानंतर घेतात. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणीची सोय आहे.

शाळेतील उपाय मात्र निदानाची वाट पाहत नाहीत. मुलाला पुढे, पंखा व खिडकीपासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. सूचना छोट्या असाव्यात. गृहपाठ फळ्यावर लिहावा. ‘समजले का?’ असे विचारण्याऐवजी सूचना त्याच्याच शब्दांत सांगावयास लावावी. वसतिगृहात सारे मोठ्याने पाठ करीत असताना अशा मुलास निवांत कोपरा द्यावा. पत्र्याच्या छताखालील घुमणारा आवाज जाड पडदे व सतरंज्यांनी कमी होतो.

बाबासाहेबांना बालपणी वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. ते अंतर जातीने निर्माण केले होते. आपल्या अजाणतेपणामुळे आज एखादे मूल शिक्षकाच्या शब्दापासून दूर राहू नये, ही जबाबदारी त्यांचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक शाळेची आहे.