एकाच संगणकावर अनेक मुनीम : डेटाबेस इन्स्टन्स म्हणजे काय?

शिरोली एमआयडीसीतील फाउंड्री असो वा मशीनशॉप, कचेरीतील एकाच संगणकावर मालसाठा, हजेरी व पगार अशी निरनिराळी सॉफ्टवेअर चालतात. त्यांपैकी काही मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर'वर अवलंबून असतात. विंडोजमधील सर्व्हिसेसची यादी पाहिली तर हे नाव कधी दोन-तीन वेळा आढळते. 'एवढे कशाला?' असे म्हणून जादा वाटणारे काढून टाकण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

डेटाबेस म्हणजे खतावणी; ती सांभाळून हवी ती नोंद काढून देणारा मुनीम म्हणजे इन्स्टन्स. एक मुनीम अनेक खतावण्या सांभाळतो. मात्र एकाच कचेरीत दोन मुनीमही बसू शकतात. प्रत्येकाचे कपाट वेगळे, किल्ल्या वेगळ्या. एकाचे काम थांबले तरी दुसऱ्याचे चालू राहते.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय 2000 च्या आवृत्तीपासून आली. मुख्य इन्स्टन्स सहसा 1433 क्रमांकाच्या पोर्टवर काम करतो. इतरांना स्वतंत्र नावे असतात. यादीत ते नाव कंसात दिसते.

अनेक इन्स्टन्स ठेवण्याची कारणे तीन. जुन्या सॉफ्टवेअरला जुनी आवृत्ती लागते. पगाराची माहिती इतरांपासून वेगळी ठेवता येते. नवीन सॉफ्टवेअरची चाचणी चालू कामाला धक्का न लावता घेता येते. शिवाय काही सॉफ्टवेअर स्वतःचा इन्स्टन्स सोबतच आणतात.

याचा तोटाही आहे. संगणकाची मेमरी सर्वांत मिळून एकच असते. म्हणून प्रत्येक इन्स्टन्सला मेमरीची मर्यादा घालून द्यावी, नाहीतर सगळेच काम मंदावते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅकअप. एका इन्स्टन्सच्या बॅकअपमध्ये दुसऱ्याचे डेटाबेस येत नाहीत. मोफत मिळणाऱ्या एक्स्प्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारी 'एजंट' ही सोय नसते. त्यासाठी विंडोजचा टास्क शेड्युलर वापरावा लागतो.

तेव्हा उद्योजक बंधूंनी एका वहीत लिहून ठेवावे : इन्स्टन्सचे नाव, त्यावर चालणारे सॉफ्टवेअर, पासवर्ड कोणाकडे आणि बॅकअप कोठे. बॅकअपची एक प्रत त्या संगणकाबाहेर ठेवावी व ती उघडते का, हेही तपासावे. निरुपयोगी समजून काढलेला इन्स्टन्स पगाराचा निघाला, तर 7 तारखेला कामगारांना काय सांगणार?