जॅकेट कानापर्यंत का चढतं?

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा शिकताना भाड्याचं मीडियम जॅकेट (बीसीडी) मिळालं. हवा भरली की ते वर सरकून हनुवटीला टेकायचं. आता स्वतःचं घ्यायचंय. माप कसं घ्यावं? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोष तुमच्या बांध्याचा नाही. भाड्याची जॅकेटं बहुधा पुरुषी मापाची असतात. तुमची पाठ आखूड असेल तर ती लांब पडतात. पाण्यावर हवा जॅकेटला वर ओढते, शरीर खालीच राहतं. म्हणून छातीपेक्षा पाठीची लांबी आधी मोजा : मानेच्या उंचवट्यापासून कंबरेच्या हाडापर्यंत.

वेटसूट घालूनच जॅकेट चढवा. पट्टे आवळा, हवा पूर्ण भरा आणि खोल श्वास घ्या. छाती दबली तर मोठं माप बघा. जॅकेटचे खांदे वर उचलले गेले तर आखूड पाठीचं घ्या. बायकांसाठीच्या जॅकेटचे खांदेपट्टे बहुधा वळणदार असतात, छातीच्या बाजूने जातात. छातीचा आडवा पट्टा स्तनांच्या वरच्या बाजूला बसायला हवा, त्यांच्यावर नाही.

मला स्वतःला पाठपट्टी (बॅकप्लेट, पाठीवरची कडक पाटी) आणि अखंड पट्ट्याचा हार्नेस जास्त पटतो. ५ सेंटिमीटर रुंदीचा तो पट्टा तुमच्या अंगाच्या मापाने लावता येतो, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा वर सरकणं थांबवतो. मात्र वजनांचा पट्टा नेहमी त्याच्यावरून बांधा. अडचणीत तो एका झटक्यात सुटून खाली पडलाच पाहिजे.

तारकर्ली-मालवणचा समुद्र पावसाळ्यात डायव्हिंगसाठी बंद असतो. तेवढ्या काळात प्रशिक्षकासोबत तरणतलावात माप जुळवून घ्या.