आधी जेट, मग जोर

यामाहा बॅन्शी ३५० अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात विकली गेली. एकट्याने चालवायची चारचाकी एटीव्ही, दोन सिलिंडरचं पाण्याने थंड होणारं ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. सेल्फ नाहीच, किक मारायची. बोर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. हे दोन आकडे आपल्याकडच्या जुन्या मेस्त्रींना पाठ असतील, कारण एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेल्या राजदूत ३५० चेही आकडे हेच. घराणं एकच, यामाहाच्या आरडीचं. पुण्याच्या नाना पेठेत राजदूतचे स्पेअर शोधत फिरलेल्या माणसाला दक्षिण कॅलिफोर्नियात येऊन बॅन्शी न घेता राहणं अवघडच होतं. आता ती माझ्या गॅरेजात असते आणि थंडी पडली की इम्पीरियल सँड ड्यून्सच्या, म्हणजे सगळे ज्याला ग्लॅमिस म्हणतात त्या वाळूत जाते. हात काळे करून जे उमगलं ते पुढे देतोय.

१. जुनी घेताना प्लास्टिकवर भाळू नका

नवं प्लास्टिक आणि स्टिकर कोणीही एका दुपारात चढवतो. मी आधी इंजिनावर हात ठेवतो. गरम लागलं तर समजायचं, आपण यायच्या आधीच मालकाने चालू करून ठेवली होती. थंड असताना किती किका लागतात ते त्याला आपल्याला दाखवायचं नाहीये. मग गिअरबॉक्सचं तेल बघावं. दुधाळ असेल तर वॉटर पंपाचं सील गेलंय. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर क्रँकचं उजवं सील संशयित. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं आणि एकूण आकड्यापेक्षा दोन्हींतला फरक बघावा. आकडा हेड कुठलं आहे, गाव किती उंचावर आहे यावर हलतो. फरक मात्र खोटं बोलत नाही.

शेवटी एकच प्रश्न विचारायचा: बोर किती झालंय? ६४ पासून पाव-पाव मिलिमीटरने वर जातात. ६६ च्या आसपास पोचलेलं असेल तर पुढच्या खेपेला स्लीव्हचा खर्च धरूनच भाव करावा.

२. हवा कुठून शिरते ते शोधल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका

फोर-स्ट्रोकवर वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमधून गळती झाली तर फरशीवर तेलाचा डाग पडतो, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. त्या वाटेवर केसाएवढी फट असली तरी इंजिन कार्ब्युरेटरला वळसा घालून फुकटची हवा ओढतं. पेट्रोल कमी, हवा जास्त, त्यात ऑइलही कमी. डाव्या बाजूचं, स्टेटरकडचं सील गेलं की हेच होतं. गाडी काही दिवस उलट जास्त चपळ वाटते. मालक खूश असतो. मग एके दिवशी लांब चढावर पिस्टन धरतो.

उजव्या, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितं. पांढरा धूर, आणि तेलाची पातळी खाली. हा प्रकार निदान दिसतो तरी.

तपासणी सोपी आहे. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबरी बुचांनी बंद करायचे, कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरी नळ्या बंद करायच्या, त्यातल्या एका बुचातून हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची आणि घड्याळ लावायचं. सहा मिनिटं काटा जागेवर राहिला तर ठीक. पडायला लागला की ब्रशने साबणाचं पाणी, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतो तसं: इनटेकच्या नळ्यांवर, दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या रबरी पाइपाच्या टोकांवर, सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटवर, आणि फ्लायव्हील काढून सीलच्या कडेवर. सीलची गळती पटकन दिसत नाही. आधी कडेला नुसती चमक दिसते, मग मोहरीएवढा बुडबुडा येतो, फुटतो, त्याच जागी दुसरा येतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडच्या गॅस्केटकडे किंवा ओ-रिंगकडे बघा.

इनटेकच्या रबराला भेगा गेल्या असतील तर बदला. त्यावर सिलिकॉन फासणारे लोक मी पाहिलेत, आणि महिन्याभरात त्यांची इंजिनं उघडलेलीही पाहिलीत.

३. ऑइल जास्त म्हणजे इंजिन सुखरूप, असं नाही

राजदूतला ऑइलचा पंप होता. बॅन्शीला तो नाही. पेट्रोलमध्ये ऑइल आपणच मिसळायचं. आपल्याकडे पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी मागायची सवय असलेल्यांना हे नवं नाही. कंपनीचं प्रमाण २४ ला १. आजची सिंथेटिक ऑइलं वापरणारे बरेच जण ३२ ला १ वर चालवतात, मीही. पाच गॅलनच्या कॅनला २० औंस.

लोक फसतात ते पुढे. इंजिन नवं आहे, काळजी घेऊ म्हणून कोणी ऑइल वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटमधून जे जातं त्यात मग ऑइलचा वाटा वाढतो आणि पेट्रोलचा घटतो. शिवाय मिश्रण घट्ट होऊन सावकाश वाहतं. म्हणजे ऑइल वाढवून मिश्रण लीन झालं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एक प्रमाण धरा, एकाच ब्रँडचं ऑइल धरा, आणि जेट त्याच्यावर बसवा. कॅनवर मार्करने तारीख आणि प्रमाण लिहा. न लिहिलेला कॅन गवत कापायच्या मशीनला.

४. प्रत्येक बदलाचं बिल जेटमध्ये भरावं लागतं

कंपनीचं मेन जेट २०० चं. एअरबॉक्सचं झाकण काढलं, उघडा फिल्टर लावला, एक्सपान्शन चेंबरवाले पाईप चढवले की ते २५० च्या पुढे जातं. पाईप विकणारे सोबत एक कागद देतात, त्यावर जेटचा आकडा असतो. तो कागद सुरुवातीसाठी ठीक आहे. तो लिहिणाऱ्याने तुमच्या गावची हवा घेतलेली नसते.

ग्लॅमिसला डिसेंबरात पहाटे ५ अंश असतं आणि दुपारी २५. एवढ्या फरकाने हवेची घनता साधारण ७ टक्के बदलते. पहाटेची हवा दाट, तिला पेट्रोल जास्त लागतं. दुपारचं जेट तेव्हा लीन पडतं. म्हणून जेट नेहमी सकाळच्या थंडीवर लावावं आणि दुपारी गाडी थोडी जड वाटली तर वाटू द्यावी. उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफकडे, ७००० फुटांच्या आसपास गेलं की उलटा खेळ. हवा विरळ, तेच जेट रिच, प्लग ओले.

प्लग वाचायची पद्धत एकच खरी. नवे प्लग, बीआर८ईएस, टाकायचे. इंजिन गरम करून टॉप गिअरला लांब सपाटीवर पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि तसंच किल स्विच दाबून क्लच ओढायचा. आयडलवर फटफट करत परत आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलची गोष्ट सांगतो. आणि बघायचं ते पोर्सेलिनच्या टोकाला नाही. आजच्या पेट्रोलने ते टोक पांढरंच राहतं आणि नवखा माणूस उगाच घाबरतो. खाली, जिथे पोर्सेलिन धातूत शिरतं, तिथे बॅटरीचा उजेड टाकून बघा. तिथे तपकिरी कडं दिसायला हवं. पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चांदीसारखे चमकते कण दिसले तर तिथेच थांबा. इंजिन ठोकतंय आणि ते कण तुमच्या पिस्टनचे आहेत.

दोन्ही प्लग बघा. एक तपकिरी आणि एक पांढरा असेल तर जेटच्या मागे लागू नका, गळती शोधा किंवा दोन कार्ब्युरेटरच्या स्लाइड एकत्र उचलतात का ते बघा. फिल्टरच्या बाजूने दोन्हींत बोट घालून थ्रॉटल हळूच दाबला की कळतं.

कोल्हापूरचा भाचा आरएक्स १०० ला पाईप लावतोय. फोनवर विचारतो, "मामा, जेट कितीचं टाकू?" मी म्हणालो, "तीन आणून ठेव. मोठं आधी टाक. अडखळली तर एकेक खाली ये." त्याला आकडा हवा होता, थोडा रुसला.

५. फिल्टर

वाळूत फोमचा फिल्टर, त्याला फिल्टरचंच चिकट तेल, वरून कापडी टोपी. रोज संध्याकाळी धुवायचा कंटाळा असेल तर दोन घेऊन ठेवा.

६. ताकद कशाने वाढते, आणि कुठल्या क्रमाने

लोक आधी सिलिंडर पोर्टिंगला देतात. मी शेवटी देईन. टू-स्ट्रोकला पाईप म्हणजे नुसतं सायलेन्सर नाही. त्याच्या फुगीर पोटातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. हे ठरावीक आरपीएमलाच जमतं, म्हणून गाडी खाली मवाळ आणि वर एकदम सुटते. तुम्ही टेकडीवर चढवणार की झाडांतून वळणं घेणार, ते ठरवून पाईप घ्या. ड्रॅगचे पाईप लावून वळणावळणाच्या वाटेवर क्लच जाळणारे खूप भेटतात.

पाईपनंतर चांगले रीड. मग हेड. घुमट बदलता येणारं हेड घेतलंत तर कॉम्प्रेशन पेट्रोलप्रमाणे निवडता येतं; कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेनच्या वर सहसा काही मिळत नाही, आणि रेसिंगचं पेट्रोल डब्यातून आणण्याचा उत्साह दोन महिने टिकतो. टायमिंग ४ अंशांनी पुढे नेणारी प्लेट स्वस्तात जोर देते, पण घट्ट हेडबरोबर ती लावताना प्लग वाचता यायलाच हवा. स्ट्रोक ४ मिलिमीटरने वाढवणारा क्रँक घातला की ३४७ चे ३७३ सीसी होतात. तो घालायचाच असेल तर पिना वेल्ड केलेला घ्या. दाबून बसवलेला क्रँक वाढलेल्या जोराखाली जागेवरून फिरतो.

क्लचच्या स्प्रिंगा मात्र पाईपबरोबरच बदला.

७. पिस्टन कुठला यावर गरम करायची वेळ ठरते

फोर्ज्ड पिस्टन मजबूत, पण गरम झाल्यावर जास्त फुगतो. म्हणून त्याला सिलिंडरमध्ये जागा जास्त ठेवतात. कास्ट पिस्टन कमी फुगतो, थंड असताना कमी खडखडतो, पण तुटला तर तुकडे होतात. थंड इंजिनाला किक मारून लगेच थ्रॉटल पिळला तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर अजून थंड असतो, आणि पिस्टनवर चार जागी उभे ओरखडे येतात. ते ओरखडे दिसले की मशीनशॉपला दोष देऊ नये. रेडिएटरच्या वरच्या टाकीला हात लावून ऊब लागेपर्यंत थांबावं. शेजाऱ्यांची सकाळ जाते, पण पिस्टन वाचतो.

८. वॉटर पंप

मूळ इंपेलर प्लास्टिकचा. तो झिजून शाफ्टवर नुसता फिरतो आणि बाहेरून काही कळत नाही. धातूचा घाला. सगळ्या यादीत कमी पैशांत जास्त काम करणारी हीच एक गोष्ट.

९. थ्रॉटलची सुरक्षा काढलीत तर दुसरी लावा

कार्ब्युरेटरच्या डोक्यावर टॉर्स नावाच्या पेट्या असतात. थ्रॉटल सोडूनही स्लाइड अडकली तर त्या स्पार्क तोडतात. स्विच जुने झाले की त्या विनाकारणच तोडायला लागतात आणि गाडी मधेच खोकते, म्हणून बहुतेकांनी त्या काढलेल्या असतात. काढायला हरकत नाही. त्याच दिवशी मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच लावा. वाळूचे कण स्लाइडमध्ये शिरतात, आणि अडकलेल्या थ्रॉटलची बॅन्शी माणसाला खाली टाकून एकटी पुढे जाते.

१०. जोर वाढवण्याआधी रुंदी वाढवा

मूळ गाडी अरुंद आहे, उतारावर तिरकी झाली की उलटायला बघते. पुढे लांब ए-आर्म, मागे लांब ॲक्सल. मागच्या ॲक्सलचे नट सैल होतात, हे प्रत्येक बॅन्शीवाल्याला माहीत असतं. लाल लॉकटाइट लावा आणि नटावर रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. ब्रेकच्या पॅडवर पैसे खर्च केलेला माणूस मात्र मला क्वचितच भेटलाय. पाईपवर सगळेच करतात.

११. नियमांची कटकट

सरकारी जमिनीवर स्पार्क अरेस्टर लागतो, आवाज ९६ डेसिबलच्या आत लागतो, आणि ग्लॅमिसला जमिनीपासून ८ फूट उंच काठीवर झेंडा. पहिल्या दोन नियमांवर कॅम्पमध्ये रात्रभर वाद होतात. झेंड्यावर कोणी वाद घालत नाही, कारण टेकडीच्या पलीकडून कोण येतंय ते तेवढ्यानेच दिसतं.

१२. उन्हाळ्यात ठेवताना आणि थंडीत नेताना

मे ते सप्टेंबर वाळूत जाण्यात अर्थ नाही. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी धरतं, आणि फ्लोट बाऊलमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून पायलट जेटचं भोक बुजवतं. टाकी रिकामी, बाऊल रिकामे, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी.

नेताना खोक्यात प्लगचे दोन जोड, मेन जेटचे तीन-चार आकडे, थ्रॉटल आणि क्लचच्या केबल, चेनची जोडकडी, इनटेकची एक रबरी नळी. शेजारच्या कॅम्पमधला कोणीतरी दुपारपर्यंत यातलं काहीतरी मागायला येतोच. बहुतेक वेळा मेन जेट मागतो, आणि बहुतेक वेळा त्याला हवं ते गाडीत आहे त्याहून मोठंच असतं.