कार्तिकातील मंगलकार्य व रब्बीची निगा

कार्तिक शुद्ध एकादशीस देव उठले आणि द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागली, म्हणजे घरोघर मुलामुलींच्या मुहूर्तांची बोलणी सुरू होतात. खरिपाचे धान्य घरात आलेले, पाऊस उघडलेला व खळे मोकळे झालेले असते. त्यामुळे हा काळ कार्यास सोयीचा खरा. तथापि रब्बीच्या दृष्टीने हेच दिवस नाजूक होत. मांडवाच्या धांदलीत शेताकडे पंधरा दिवस पाठ फिरली, तर ती चूक पुढे राशीवर दिसून येते. म्हणून या तयारीचा क्रम कसा असावा, याचा येथे विचार करू.

१. मुहूर्त व शेतकाम. मुहूर्त ठरविताना पंचांगाशेजारी पेरणीचे टाचण ठेवावे. बागायती गव्हाचा पेरा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होतो, व पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी दिलेले पाणी सर्वांत मोलाचे असते. १० नोव्हेंबरास पेरा झाला असल्यास हे पाणी २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या दिवसांत येते. मुहूर्त त्याच सुमारास असेल तर पाण्याची पाळी एका जाणत्या माणसाकडे सोपवावी व त्यास मांडवातील दुसरे कोणतेही काम सांगू नये. कोरडवाहू ज्वारीस तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी लागते. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने केल्यास भेगा बुजून ओल टिकते. ऑक्टोबरारंभी पेरलेल्या ज्वारीची ही पाळी नोव्हेंबरअखेर येते, ती पाहुणे येण्यापूर्वीच उरकावी.

२. घरचा शिधा. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, म्हणून पंगतीकरिता मागील वर्षाचा तांदूळ राखून ठेवावा. गहू व डाळ आश्विनातील उन्हात वाळवून, निवडून, कोरड्या कोठीत भरावी. पंगतीस लागणाऱ्या भाजीची लागवड पावसाळ्यातच योजिली पाहिजे. जुलै-ऑगस्टात लावलेली वांगी व लाल भोपळा या वेळी हाती येतात, आणि भोपळा दीर्घकाळ टिकतो. मेथी सुमारे महिन्यात व कोथिंबीर दीड महिन्यात तयार होते, म्हणून तिथीवरून मागे दिवस मोजून वाफे टाकावेत. बांधाकडेला दोन ओळी झेंडू असल्यास तोरणास फुले विकत आणावी लागत नाहीत.

३. मांडव व गोठा. चोपलेले खळे मांडवास उत्तम. परंतु कडब्याची व पेंढ्याची गंजी चुलीपासून आणि फटाक्यांपासून दूर असावी, व जवळ पाण्याने भरलेली पिंपे ठेवावीत. विहिरीस कठडा नसल्यास मुलांसाठी तात्पुरते कुंपण घालावे. आणखी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. उरलेला भात, पुऱ्या वा गोडधोड बैलांस अथवा गाईम्हशींस एकदम घालू नये. असे अन्न पोटात आंबून आम्ल वाढते, जनावर रवंथ सोडते आणि पुष्कळदा दगावते. कार्याचा आनंद ओसरण्यापूर्वीच बैलजोडी मोडणे, याहून मोठे नुकसान कोणते?

४. पैसा. १८७५ साली सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने, शेतकऱ्याच्या कर्जास लग्नखर्च हे कारण वाजवीपेक्षा अधिक पुढे केले जाते, असा अभिप्राय दिला. म्हणून कार्य करणाऱ्यास उधळ्या म्हणणे न्याय्य नाही. मात्र पैसा कोठून व कोणत्या अटीवर आणिला, हे पाहिलेच पाहिजे. दरमहा शेकडा दोन रुपये दराने दोन लाख घेतल्यास वर्षास ४८,००० रुपये व्याज होते. पाच वर्षांत २,४०,००० रुपये भरूनही मुद्दल तसेच राहते. सोसायटीचे पीककर्जही मांडवात खर्चू नये. ते थकले की पुढील खरिपास बी-खताची वाट बंद होते. सुगीच्या गर्दीत सर्व सोयाबीन पडत्या भावाने विकण्यापेक्षा ते बाजार समितीच्या गोदामात ठेवावे. पणन मंडळाच्या तारण योजनेत, जी १९९०-९१ पासून चालू आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांकरिता ६ टक्के व्याजाने मिळते. हुंडा देणे व घेणे, दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. ती रक्कम खर्चाच्या यादीत मुळीच असू नये.

सारांश, आषाढातच सर्व कुटुंबाने एकत्र बसून खर्चाची यादी करावी, बियाणे, खत व वर्षाचे धान्य प्रथम बाजूस काढावे, आणि उरेल त्यात कार्य योजावे. पंगतीत दोन पदार्थ कमी झाले तर पाहुणे ते विसरतील. परंतु रब्बी बुडाली तर नव्या जोडप्यास तिची झळ पहिल्याच वर्षी सोसावी लागेल.