दमा आणि व्यायाम : श्वास का अडतो, कसा सावरतो

शाळेच्या मैदानावर न थकता धावणारे आमचे काही माजी विद्यार्थी आज चाळिशीत जिना चढणेही टाळतात. कारण विचारले तर उत्तर एकच : "सर, दमा आहे." इतिहासाचा शिक्षक घटनेमागील कारणपरंपरा शोधतो, तीच रीत येथे लावून पाहू.

विश्रांतीत आपण नाकाने श्वास घेतो. नाक हवेला ऊब व ओलावा देऊन आत सोडते. धावताना श्वास जलद होतो, तोंड उघडते. कोरडी हवा मोठ्या प्रमाणात श्वासनलिकांत शिरून अस्तरातील पाणी शोषते. दम्यात हे अस्तर आधीच सुजलेले असते. कोरडेपणामुळे तेथील पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि मार्ग अरुंद होतो. हा त्रास बहुधा व्यायाम थांबल्यावर ५ ते १० मिनिटांत वाढतो व साधारणतः ३० ते ६० मिनिटांत ओसरतो. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीतील नागपूरची गार, कोरडी पहाट जरीपटक्यातून फिरायला निघणाऱ्या दमेकऱ्यास अधिक जाचते.

मग व्यायाम सोडावा काय? मुळीच नाही. सोडल्यास स्नायू दुबळे होतात, थोड्या श्रमानेही धाप लागते आणि भीती वाढते. नियमित चालणे, सायकल वा पोहणे यांमुळे स्नायू तेच काम कमी श्वासात करू लागतात. फुफ्फुसांच्या मोजमापात फारसा फरक पडत नाही. परंतु दम टिकतो आणि दैनंदिन जीवन सुसह्य होते.

व्यायाम मात्र औषधाची जागा घेत नाही. सूज कमी करणारे इन्हेलर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये. आरंभी १० ते १५ मिनिटे शरीर हळूहळू तापवावे, शेवटी गती हळूहळू उतरवावी. थंडीत ऊन वर आल्यावर निघावे, नाकातोंडावर रुमाल बांधावा; हवेत धूर असेल त्या दिवशी घरातच व्यायाम करावा. त्वरित आराम देणारे इन्हेलर खिशात असावे; ते वारंवार लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. प्रत्येक धाप दम्याची नसते. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास त्वरित तपासणी करावी.

'इन्हेलरची सवय लागते' या गैरसमजापायी अनेकजण ते लपवितात किंवा सोडून देतात. चष्मा लावण्यात जशी लाज नाही, तशी यातही नसावी. पुढील स्नेहसंमेलनाला याल तेव्हा इन्हेलर खिशात ठेवून आपल्या मैदानाला सावकाश एक फेरी जरूर मारा.