शॉवरची धार का रोडावते?

प्रश्न : आम्ही कोठीत इसामिया बाजारजवळ जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवर टाकी असूनही नव्या मोठ्या शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकतं. नळाच्या लाइनला मोटर लावावी का?
– एक वाचक, हैदराबाद

उत्तर : नको. तुमच्या शॉवरला पाणी देते ती टाकी. लाइनचा दाब टाकीपाशीच संपतो. शिवाय लाइनमधून थेट पाणी खेचायला हैदराबाद जलमंडळाची मनाई आहे. त्या ओढीने गळक्या सांध्यांतून गढूळ पाणीही आत येऊ शकतं.

खरा हिशेब उंचीचा. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. टाकी शॉवरपेक्षा जेमतेम 2 मीटर वर असेल, तर वाट्याला येतो 0.2 बार. खालच्या बिऱ्हाडांत धार जोरदार आणि तुमच्याकडे रडकी, ती यामुळेच. दुकानात झकास दिसणाऱ्या रुंद शॉवरला एवढा दाब पुरत नाही.

आधी शॉवर काढून पाइप मोकळा सोडून बघा. धार बरी आली, तर जाळीतले क्षार व्हिनेगरने काढा किंवा कमी दाबावर चालणारा लहान शॉवर बसवा. नाही आली, तर अर्धवट बंद व्हॉल्व्ह किंवा जीआय पाइपातला गंज तपासून घ्या.

तरी भागलं नाही, तर टाकीच्या आउटलेटवर छोटा प्रेशर पंप बसवता येतो. त्याचा दाब गिझरवर छापलेल्या मर्यादेत हवा. टाकी उंचावायची झाल्यास मात्र इंजिनिअरला विचारा : 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन वजन.